वाटपाचा नियम

योजना आखणे हे बुद्धीचे काम आहे. परंतु ती अनेक सरकारांकडून वर्षानुवर्षे एकविचाराने पार पाडून घेणे हे विश्वासाचे काम आहे. स्वतंत्र भारताच्या राज्यकारभाराला हा धडा हळूहळूच मिळाला.

मार्च १९५० मध्ये नियोजन मंडळ स्थापन झाले. त्याला ना घटनेचा आधार होता, ना संसदेच्या कायद्याचा; केंद्र सरकारच्या एका ठरावातून ते जन्मास आले. मुख्यमंत्र्यांशी विचारविनिमय व्हावा म्हणून १९५२ मध्ये राष्ट्रीय विकास परिषद निघाली. तथापि मूळ अडचण कायम राहिली. शेती, आरोग्य, पाटबंधारे यांची जबाबदारी राज्यांवर, तर उत्पन्नाची मोठी साधने केंद्राच्या हाती. पहिल्या तीन योजनांत केंद्राचे साहाय्य मुख्यतः कामागणिक ठरत असे. साहजिकच, आपल्या प्रांताला काय हवे यापेक्षा दिल्लीहून कशाला पैसा मिळेल, याकडेच राज्यांचे लक्ष लागे.

१९६७ च्या निवडणुकांनंतर अनेक राज्यांत काँग्रेसेतर सरकारे आली आणि दिल्लीच्या मर्जीवर चालणारे वाटप त्यांना मान्य होणे कठीण झाले. त्याच वर्षी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ मंडळाचे उपाध्यक्ष झाले. त्यांच्या सूत्राला १९६९ मध्ये परिषदेची मान्यता मिळाली. आसाम, जम्मू-काश्मीर व नागालँड यांच्या गरजा प्रथम भागवावयाच्या. उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येनुसार वाटावयाची. दरडोई उत्पन्नातील मागासलेपण, करवसुलीचा प्रयत्न, चालू असलेले पाटबंधारे व वीजप्रकल्प आणि राज्यांचे विशेष प्रश्न यांना प्रत्येकी १० टक्के.

हे सूत्र निर्दोष नव्हते. दारिद्र्याला त्यात फार थोडे स्थान होते; म्हणून १९८० मध्ये ते बदलावे लागले, व १९९१ मध्ये पुन्हा. केंद्रपुरस्कृत योजनांचा पैसा तर या सूत्राबाहेरूनच वाहत राहिला. पुढे नियोजन मंडळही गेले आणि १ जानेवारी २०१५ रोजी त्याच्या जागी नीती आयोग आला.

तरीही गाडगीळांनी साधलेली गोष्ट लहान नव्हती. आपला वाटा अपुरा आहे, असे राज्ये त्यानंतरही म्हणत राहिली; परंतु तो कोणत्या हिशेबाने ठरला, हे प्रत्येक मुख्यमंत्र्याला आधीच ठाऊक असे. परस्परविरोधी पक्षांच्या सरकारांना एका योजनेत बांधून ठेवण्यास एवढी खात्री अत्यावश्यक होती.