हिवाळ्यातील गाजर गवत

धायरीच्या शेतजमिनींवर घरे उभी राहत गेली, तसे मधले मोकळे भूखंड राडारोड्याने भरले. अशा उकरलेल्या जमिनीचा पहिला ताबा गाजर गवत घेते. लोकांच्या तोंडी त्याचे नाव ‘काँग्रेस गवत’. अमेरिका खंडातील या वनस्पतीचा पुण्याशी जुना संबंध आहे. १९५० च्या दशकात पुण्याच्या उकिरड्यांवर ती लक्षात आली आणि १९५६ मध्ये शेषगिरी राव यांनी तिची शास्त्रीय नोंद केली. पुढे ती देशभर पसरली.

गवत कंबरेएवढे वाढले, पांढरी फुले डोलू लागली, की तक्रारी सुरू होतात. तोवर उशीर झालेला असतो. एकेका झाडापासून हजारो बिया मातीत पडतात. हिवाळ्यात मात्र सांडपाण्याच्या ओलाव्यावर उगवलेली रोपे थंडीमुळे बराच काळ जमिनीलगत पाने पसरून बसतात. ती मुळासकट काढण्याची हीच वेळ. वरवर कापल्यास बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. जमीन कडक असल्यास आदल्या दिवशी पाणी मारावे.

हे गवत खाणारा मेक्सिकन भुंगा भारतात १९८४ मध्ये बंगळूर येथे सोडण्यात आला. पावसाळ्यात तो पाने फस्त करतो. थंडीत मातीत दडून राहतो. त्या महिन्यांत काम माणसांनाच करावे लागते. गवताच्या स्पर्शाने त्वचेला खाज व चट्टे येतात, परागकणांमुळे दम्याचा त्रास बळावतो. म्हणून हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे व नाकावर रुमाल आवश्यक. ज्यांना ॲलर्जी आहे, त्यांनी आणि लहान मुलांनी दूरच राहावे. शाळेच्या मुलांना उघड्या हातांनी या मोहिमेत उतरविणे हा शुद्ध अविचार होय.

फुले नसलेली रोपे खड्ड्यात कुजवून खत करता येते. फुललेली झाडे मात्र खतात टाकू नयेत. ती गोणीत बांधून खोल पुरावीत. पेटवून देणे तर टाळावेच, कारण हिवाळ्यात टेकड्यांवरचे गवत वाळलेले असते व ठिणगी पुरते.

टेकडीच्या उतारावरील घाणेरीची गोष्ट निराळी. ती नुसती तोडल्यास अधिक दाट फुटते. मातीखाली काही इंच मुख्य मूळ छाटून झुडूप उलटे ठेवावे लागते.

रिकामी झालेली जागा उघडी ठेवल्यास गाजर गवत परतते. टाकळ्याच्या शेंगा हिवाळ्यात वाळतात. त्यांचे बी जमवून ठेवावे आणि वळवाच्या सुमारास त्याच जागी फेकावे. टाकळा दाट वाढून गाजर गवताच्या रोपांना डोके वर काढू देत नाही.