संत लॉरेन्साचीं आसवें

शेवटच्या दिवसांविषयीं बोलतांना तारे आकाशांतून पडतील, असें आपल्या प्रभूनें सांगितल्याचें संत मत्तय लिहितो. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायांत संत योहानानें याच प्रसंगाला वाऱ्यानें हालविलेल्या अंजिराच्या झाडाची उपमा दिली आहे. कच्चीं फळें गळावीं, तसे तारे गळतात. हे शब्द लोकांच्या मनांत किती खोल गेले होते, हें १३ नोव्हेंबर १८३३ च्या पहाटेस अमेरिकेंत दिसून आलें. उल्कांचा असा वर्षाव झाला कीं, न्यायाचा दिवस उगवला असें समजून पुष्कळांची गाळण उडाली. परंतु सर्वांचीच नाहीं. फ्रेडरिक डग्लस हा पुढें नांवारूपास आलेला वक्ता त्या वेळीं मेरीलँडमध्यें गुलामगिरींत होता. मनुष्याचा पुत्र येत असावा, असें त्यासही वाटलें. पण आपला मित्र व मुक्तिदाता म्हणून त्याचें स्वागत करावयास आपण सिद्ध होतों, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. धन्याला जी धडकी, ती दासाला आशा! पुढें १९३४ सालीं ‘स्टार्स फेल ऑन अलाबामा’ या प्रेमगीताच्या नांवांत तोच वर्षाव शिरला; भीति ओसरली, चांदणें तेवढें राहिलें.

इटलींतील भाविकांनीं गळत्या ताऱ्यांकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें. रोमचा डीकन संत लॉरेन्स १० ऑगस्ट २५८ रोजीं रक्तसाक्षी झाला. त्याच्या सणाच्या सुमारास ज्या उल्का दिसतात, त्यांस लोक त्याचीं आसवें म्हणतात. परंपरेप्रमाणें त्यास निखाऱ्यांवर भाजलें, म्हणून कोणी त्या ठिणग्या मानतात. आमच्या कोंकणांत त्या दिवसांत आभाळ भरलेलें असतें, तेव्हां हीं आसवें आपल्या वांट्यास क्वचितच येतात. त्यांचें मूळ मिलानच्या स्कियापारेल्ली यांनीं १८६६ सालीं रोममधील येशूसंघीय ज्योतिषी फादर सेक्की यांस लिहिलेल्या पत्रांत उलगडलें: १८६२ सालीं दिसलेल्या धूमकेतूची कक्षा व या उल्कांची कक्षा एकच, म्हणजे हा त्या धूमकेतूचा मागें राहिलेला धुरळा होय. तो धूमकेतु १९९२ सालीं पुन्हां येऊन गेला. हें कळल्यानें भक्तीचें कांहीं उणें झालें, असें आम्हांस वाटत नाहीं.

या रात्रीचें नांव घेऊन पाओलो व व्हित्तोरिओ ताव्हियानी या बंधूंनीं १९८२ सालीं ‘ला नोत्ते दि सान लोरेन्झो’ हा चित्रपट काढिला. तारा तुटतांना मनांतली इच्छा बोलावी, या समजुतीनें एक स्त्री आपल्या बाळाला लहानपणचें युद्ध सांगते. गांवचे कांहीं लोक बिशपांच्या मागें कॅथेड्रलमध्यें आश्रय घेतात. कांहीं रात्रींच गांव सोडून अमेरिकन सैन्याच्या शोधांत निघतात. मंदिरांत थांबलेल्यांवर स्फोट होतो.

हें कल्पित नव्हे. ताव्हियानींच्या जन्मगांवीं, तस्कनींतील सान मिन्यातो येथें, २२ जुलै १९४४ रोजीं कॅथेड्रलमध्यें जमलेले ५५ जण मृत्युमुखीं पडले. जर्मन सैन्यानें ठरवून केलेली ही हत्या, असें गांवानें मानलें. १९५४ सालीं नगरपालिकेनें तशी शिळाही बसविली. बिशप उगो जुब्बी यांच्यावरही संशयाचें बोट गेलें. चित्रपटही त्याच समजुतीवर उभा आहे. तो फार सुंदर आहे, पण पंचनामा नव्हे. संकटांत माणसें मंदिराच्या आश्रयास येतात. तेथेंच त्यांचा घात झाला, तर त्यांच्या मेंढपाळावर कोणता डाग राहतो, हें आम्हां धर्मगुरूंस निराळें सांगावयास नको. पुढें नेमलेल्या अभ्यासमंडळानें २००४ सालीं निर्णय दिला कीं, तो अमेरिकन तोफेचा गोळा होता. ज्यांची वाट गांव पाहत होतें, त्यांचाच! २००८ सालीं नगरपालिकेनें तें सांगणारी दुसरी शिळा पहिलीच्या शेजारीं लाविली.