राजधानीत उतरायचं कुठे?

दातिवऱ्यात बोलायला यायचं ठरलं तेव्हा आम्हाला विषय शोधावा लागला नाही. विषय इथलाच आहे. सफाळ्याला गाडी पकडून मुंबईला निघालेल्या माणसाला घरातून एक प्रश्न ठरलेला असायचा: "अरे, पण उतरणार कुठे?"

मराठीतलं हे 'उतरणं' गमतीचं आहे. आपण गाडीतून उतरतो आणि कुणाकडे तरी मुक्कामालाही उतरतो. पहिल्या उतरण्याचं ठिकाण तिकिटावर छापलेलं असतं. दुसऱ्याचं तसं नाही. ते कोण ठरवतं? आपणच निवडतो, असं आपल्याला वाटतं. आज इतिहासाच्या आधाराने एवढंच तपासू, की ही निवड खरोखर किती लोकांच्या हाती होती.

सुरुवात आपल्या किनाऱ्यापासून करू. राजवाड्यांनी 1924 साली 'महिकावतीची बखर' प्रसिद्ध केली. त्या बखरीत बिंबराजाची कथा आहे. तो उत्तरेकडून या किनाऱ्याने खाली आला, माहीम त्याला आवडलं, तिथे त्याने राजधानी केली आणि बरोबरची कुळं वसवली. ते माहीम केळव्याजवळचं की मुंबईचं, यावर अभ्यासकांचा वाद आहे, तो बाजूला ठेवू. आपल्या कामाचा मुद्दा वेगळा. राजा जागा निवडतो. बाकीच्यांना जागा नेमून दिली जाते. बखरीतली ही रीत पुढे फार काळ टिकली.

आता रेल्वेकडे येऊ. 1864 च्या नोव्हेंबरात उत्तरेकडची रेल्वे ग्रँट रोडपर्यंत पोचली. त्यामुळे आपल्या भागाचा एक खास स्वभाव बनला. मासळीची पाटी घेऊन पहाटे निघालेली बाई, पानं आणि भाजी नेणारा माणूस, सगळ्यांचं लक्ष परतीच्या गाडीवर. राजधानीत राहायचंच नाही, ही आपली निवड. तिला आम्ही कमी लेखत नाही. विरारच्या पुढे लोकल यायला 2013 साल उजाडलं, तोवर शटलच्या वेळापत्रकावर इथली घरं चालली.

पण ज्यांचं गाव लांब, त्यांना राहणं भागच होतं. रत्नागिरीकडचा गिरणी कामगार गिरणगावात आला की गावकऱ्यांच्या खोलीत उतरायचा. खोली एक, माणसं पंधरा-वीस. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर पथारी टाकायची. जेवण खानावळीत. त्या खानावळी बहुतेक बायका चालवत. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गोव्याच्या लोकांचंही असंच. धोबीतलाव, माझगावकडे त्यांच्या 'कूड' होत्या, एकेका गावाच्या. बोटीवर नोकरी लागेपर्यंत माणूस तिथे राहायचा, पेटी ठेवायचा, प्रार्थना करायचा.

गिरगावात चाळी उभ्या राहिल्या. केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 साली मुंबईतला सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. 1896 ला प्लेग आला, त्यानंतर 1898 ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. मग 1920 नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडीच्या 207 चाळी. या सगळ्या घडामोडींत माणसाला आसरा मिळाला, हे खरं. पण नीट बघा, बहुतेकांना खोली मिळाली ती कुणाच्या तरी ओळखीने. 'गाव कोणतं?' आणि 'आडनाव काय?' ही दोन उत्तरं हीच खरी किल्ली. ज्याच्याकडे ती किल्ली, त्याच्यासाठी गावकऱ्यांची खोली म्हणजे आईची माया. आणि ज्याच्याकडे नाही?

एकट्या बाईला तर कोणती किल्ली चालणार? पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं. विधवेने शिकायचं तर आधी तिने राहायचं कुठे, हे रमाबाईंनी ओळखलं होतं. शाळेच्या आधी छप्पर.

आता एक शहर सोडून दुसऱ्या राजधानीत जाऊ. बडोदा, 1917. डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आले आहेत. 1913 पासून न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये राहिलेला, शिकलेला माणूस बडोद्याच्या स्टेशनवर उभा आहे आणि त्याच्यापुढे तोच प्रश्न आहे: उतरायचं कुठे? हिंदूंच्या खाणावळी, ज्यांना तिकडे 'विशी' म्हणत, तिथे प्रवेश नाही. शेवटी एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव लावून ते राहिले. वरच्या मजल्यावर अंधारी, मोडक्या सामानाची जागा, सोबतीला एक मिणमिणता दिवा. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाले. दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. मग कामाठी बागेत बसून वेळ काढायची आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतायचं. हे सगळं त्यांनी स्वतः आठवणींत लिहून ठेवलं आहे.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. स्वातंत्र्य म्हणजे काय, यावर पुष्कळ व्याख्या फळ्यावर लिहिल्या. पण वर्गात शेवटी हाच प्रसंग सांगायचो. पदवी होती, नोकरी होती, खिशात पैसे होते. निवडायला लागतं ते सगळं होतं, फक्त दार उघडणारा माणूस नव्हता. म्हणजे निवड ही एकट्याच्या मनातली गोष्ट नसते. समोरच्याने 'या' म्हटल्याशिवाय ती पुरी होत नाही.

याला उत्तर काय निघालं? लोकांनी घरं मागत बसण्याऐवजी वसतिगृहं बांधली. कोल्हापूर ही संस्थानची राजधानी. खेड्यांतली पोरं तिथे शिकायला यायची आणि राहण्याची सोय नाही म्हणून परत जायची. शाहू महाराजांनी 1901 पासून एकामागून एक वसतिगृहं उभी केली. 1908 ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. आणि बाबासाहेबांनी 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तिच्या पहिल्या कामांतलं एक म्हणजे सोलापूरचं वसतिगृह. बडोद्याची ती अंधारी खोली आणि सोलापूरचं वसतिगृह, यांच्यामधलं अंतर सात-आठ वर्षांचं आहे. अर्थात वसतिगृहंही जातवार होती, ही त्यातली अडचण. तरी माणूस शहरात टिकला तो त्यांच्यामुळे.

आता स्वतःचं एक सांगतो. आजवर जाहीर सांगितलं नव्हतं. आम्ही नुकतेच प्राध्यापक झालो होतो. मुंबईत एका सद्गृहस्थांकडे खोली बघायला गेलो. त्यांनी विचारलं, "मासे खाता?" या किनाऱ्यावर वाढलेला माणूस आम्ही. आणि आम्ही म्हणालो, "नाही." खोली मिळाली. दोन-तीन महिन्यांनी आई भेटायला आली. पिशवीत सुकट आणि बोंबील. आम्ही तिला दारातच थांबवलं, पिशवी काढून घेतली आणि एका मित्राच्या घरी ठेवून आलो. आई काही बोलली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "तुला त्रास नको." पुन्हा त्या खोलीवर ती कधी आली नाही.

बाबासाहेबांच्या दुःखाशी याची बरोबरी आम्ही करत नाही, करूही नये. त्यांच्या जिवावर बेतलं होतं. आमचं फक्त सोयीचं खोटं होतं. पण एक धागा समान आहे. छप्पर हवं तर स्वतःतलं काहीतरी बाहेर ठेवून या, ही अट. त्यांनी नाव बाहेर ठेवलं, तेही नाइलाजाने. आम्ही आईची पिशवी बाहेर ठेवली, आणि आमचा तर नाइलाजही नव्हता. दुसरी खोली शोधता आली असती.

आज इथली मुलंमुली मुंबई, पुणे, बंगळूरला जातात. मोबाईलवर फोटो बघून खोली ठरवतात. भाडं, स्टेशनपासूनचं अंतर, पाणी, सगळं विचारतात. विचारावंच. पण घरमालकाचा जुना प्रश्न अजून संपलेला नाही. आडनाव, धर्म, ताटात काय, मुलगी एकटी का. म्हणून खोली निवडताना एक प्रश्न आपण आपल्यालाही विचारावा: इथे आपली आई पिशवी घेऊन आत येऊ शकेल का?

आणि आता आपल्याकडेही पर्यटक येतात. केळव्याला, इथल्या किनाऱ्याला घरगुती राहण्याच्या सोयी निघाल्या आहेत. म्हणजे दार उघडणारा माणूस आता आपण आहोत. उद्या कुणी पाठीवर बॅग घेऊन दातिवऱ्याला उतरला, तर त्याला आपण पहिला प्रश्न कोणता विचारणार? आडनाव विचारणार, की "जेवलात का?"

एवढं बोलून थांबतो.