बंजारा तांडे, वाशिम जिल्ह्यातील

बैलांच्या पाठीवरून धान्य, मीठ इ. मालाची वाहतूक करणाऱ्या बंजारा समाजाच्या वऱ्हाडातील स्थिर वसाहती. तांडा म्हणजे मूळचा चालता काफिला. पुढे वस्तीलाही तेच नाव राहिले व त्याबरोबर जुनी आप्तव्यवस्थाही टिकली.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि बैलांवरील वाहतुकीचा धंदा बसत गेला. मानोरा, मंगरूळपीर व लगतच्या पुसद भागात (पुसद १९०५ पर्यंत वाशिम जिल्ह्यातच मोडे) टेकड्या व कुरणे होती. तेथे बंजाऱ्यांनी गावापासून अंतर राखून तांडे वसविले. गावात वतन नाही, बोली (गोरबोली) वेगळी, सावकाराला जामीन राहणारा कोणी नाही, अशा स्थितीत नवागतास आधार होता तो भाऊबंदांचाच.

नायक हा तांड्याचा प्रमुख व कारभारी त्याचा साहाय्यक. तंटे पंचायतीत मिटत. राठोड, पवार, चव्हाण, जाधव, आडे इ. कुळींत स्वकुळात विवाह निषिद्ध असल्याने प्रत्येक घराचे सोयरे इतर तांड्यांत विखुरलेले असत. बैल व गोण्या गेल्यावर या लोकांजवळ उरलेले खरे भांडवल हेच होय. विधवेने धाकट्या दिराशी घर मांडण्याची रूढी होती. तीमुळे निराधार स्त्री व तिची मुले कुटुंबातच राहत. तिच्या इच्छेला मात्र फारसा वाव नसे.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळात भटक्या जमातींच्या अशा एकोप्याकडे ‘टोळी’ म्हणूनच पाहिले जाई. वऱ्हाडातील पोलीस अधिकारी कंबरलेज याचे बंजाऱ्यांविषयीचे टिपण (१८८२) माहितीच्या दृष्टीने मोलाचे आहे. परंतु ते पोलिसाने लिहिले आहे, हे वाचताना विसरता येत नाही. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारांची गणना विमुक्त जातींत होते.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीच्या यात्रेस दूरदूरचे तांडे येथे लोटतात आणि दर्शनाबरोबरच विखुरलेल्या सोयऱ्यांच्या गाठीभेटीही होतात.

विदर्भ-मराठवाड्यातील अनेक तांड्यांतून हंगामात ऊसतोडीसाठी स्थलांतर होते. पतिपत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. तिला मुकादम आगाऊ ‘उचल’ देतो. मुकादम नात्यातला वा ओळखीचा असला, की काम सहज मिळते. पण उचल फिटली नाही तर त्याच नात्यामुळे पुढच्या हंगामाला नकार देणे जड जाते. मागे राहिलेली मुले तांड्यात आजी-आजोबांकडे असतात.