लग्नाची कॅसेट आणि आजीचा आवाज

इंदूरच्या आपल्या मराठी घरांत लग्नाचं शूटिंग आधी व्हीएचएस कॅसेटवर व्हायचं. ही पद्धत जपानच्या जेव्हीसीने १९७६ साली आणली. आपल्याकडे १९८२ च्या दिल्ली एशियाडबरोबर टीव्ही रंगीत झाला, मागोमाग व्हीसीआर आले. पुढे व्हीसीडी, एका सीडीत जेमतेम ७४ मिनिटं, म्हणून एका लग्नाच्या दोन-तीन सीड्या. २०१६ मध्ये फुनाई कंपनीनेही व्हीसीआर बनवणं थांबवलं.

मंडळी, सीडी अजून चालतेय तोवर त्यातली डॅट फाईल संगणकावर कॉपी करा. व्हीएलसी या फुकट प्रोग्रॅमच्या मीडिया मेनूत ‘कन्व्हर्ट’ निवडून तिची एमपी४ करा. मूळ फाईल पुसू नका. दरवेळी बदलताना चित्र थोडं उतरतंच.

चित्र सुधारणार नाही. पण आजीची ती हिंदी मिसळलेली इंदुरी मराठी नातवंडांना मोबाईलवर ऐकता येईल. ती दुसरीकडे कुठेच नोंदलेली नाही.