जहाजावरील भोजनशिष्टाचार
अटलांटिकवरील प्रवासी जहाजांच्या प्रथम वर्गात विसाव्या शतकाच्या आरंभी रात्रीच्या भोजनास सायंकालीन औपचारिक पोशाख करण्याचा प्रघात होता. प्रस्थानाच्या रात्री मात्र त्यातून सूट असे. १९०५ मध्ये ‘अमेरिका’ या जर्मन जहाजावर रिट्झ-कार्लटन संस्थेचे, स्वतंत्र दर आकारणारे उपाहारगृह सुरू झाले. वाढप्यांचे वेतन अल्प असल्याने त्यांचा निर्वाह बव्हंशी बक्षिसीवर चाले. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाले, तेव्हा त्यावरील अशाच उपाहारगृहाच्या कर्मचाऱ्यांपैकी केवळ ३ जण वाचले. पुढे विहारनौकांवर पोशाखाचे नियम शिथिल झाले व अनेक कंपन्या बक्षिसी प्रवाशाच्या खात्यावर दररोज आकारू लागल्या. काही कंपन्यांत प्रवाशास ती कमी करून घेता येते. प्रवाशावरील बंधन अशा रीतीने सैल झाले; वाढप्याचे परावलंबन मात्र टिकून राहिले.