नाव होतं, पत्ता नव्हता

28 ऑक्टोबर 1937 च्या रात्री जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या वेधशाळेत कार्ल राइनमुथ यांनी आकाशाचा एक फोटो घेतला. तेव्हा फोटो म्हणजे काचेची प्लेट. ती बराच वेळ उघडी ठेवायची आणि दुर्बीण ताऱ्यांच्या चालीने हळूहळू फिरवत राहायची. अशा प्लेटवर तारे ठिपक्यासारखे उमटतात, आणि त्यांच्यामधून सरकणारा एखादा लघुग्रह बारीकशी रेघ ओढून जातो. राइनमुथ यांनी अशा रेघा शोधण्यातच हयात घालवली होती. त्यांच्या नावावर जवळजवळ चारशे लघुग्रह आहेत. या प्लेटवरची रेघ मात्र नेहमीपेक्षा खूपच लांब होती. रेघ लांब म्हणजे वेग जास्त दिसतोय, आणि एवढा वेग दिसतोय म्हणजे वस्तू अगदी जवळ आहे.

जवळ म्हणजे किती? दोन दिवसांनी, 30 ऑक्टोबरला, तो दगड पृथ्वीपासून साधारण 7 लाख 40 हजार किलोमीटरवरून गेला. चंद्र इथून सरासरी 3 लाख 84 हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे चंद्राच्या दुपटीपेक्षाही थोडं कमीच. तोवर कुठलाही लघुग्रह इतक्या जवळून जाताना कुणी पाहिला नव्हता. मग तो सूर्याच्या बाजूला, दिवसाच्या उजेडात शिरला आणि दिसेनासा झाला. इतर वेधशाळांच्या प्लेटा धुंडाळल्या तरी हाताशी आली ती फक्त चार-पाच दिवसांची निरीक्षणं.

त्याचं नाव ठेवलं हर्मीस. ग्रीकांचा निरोप्या देव, पायाला भिंगरी लावलेला. नाव शोभून दिसलं, पण क्रमांक देता येईना. लघुग्रहाला कायमचा क्रमांक मिळतो तो त्याची कक्षा पक्की झाल्यावर. हर्मीसची कक्षा कुणाला ठाऊकच नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, पाहिलं तर होतं ना? इथेच खरी गोम आहे. फोटोत लघुग्रह कुठल्या दिशेला आहे ते कळतं, किती लांब आहे ते कळत नाही. दोन इमारतींच्या फटीतून क्षणभर एक बाइक जाताना दिसली, तर ती कुठून आली आणि रात्री कुठे असेल हे सांगता येईल का? अंदाज बांधता येतो, पण प्रत्येक दिवसागणिक तो अंदाज फुगत जातो आणि काही वर्षांत अर्धं आकाश व्यापतो. 1801 साली सेरेस असाच हरवला होता. पण पियाझ्झी यांच्याकडे त्याची 41 दिवसांमधली निरीक्षणं होती आणि हिशेबाला चोवीस वर्षांचा गाऊस बसला होता. वर्ष संपायच्या आत सेरेस सापडला. चार-पाच दिवसांच्या तुकड्यावर मात्र गाऊसचीही मात्रा चालली नसती, असं मला वाटतं.

हरवणारा हर्मीस काही एकटा नव्हता. राइनमुथ यांनीच 1932 मध्ये शोधलेला अपोलो हरवला होता, 1936 चा अडोनिसही हरवला होता. अपोलो 1973 मध्ये सापडला, अडोनिस 1977 मध्ये. 1979 मध्ये राइनमुथ गेले, तेव्हा हर्मीस बेपत्ताच होता.

तो सापडला 15 ऑक्टोबर 2003 ला. अमेरिकेत अॅरिझोनातल्या लोवेल वेधशाळेच्या लघुग्रह-शोधमोहिमेत ब्रायन स्किफ यांना एक सरकता ठिपका दिसला. हा तोच, हे ठरवणं सोपं नव्हतं. मधल्या 66 वर्षांत त्याने सूर्याभोवती 31 फेऱ्या मारल्या होत्या. त्याची कक्षा लांबुळकी आहे: एका टोकाला शुक्राच्याही आत शिरते, दुसऱ्या टोकाला मंगळाच्या पार पलीकडे जाते, आणि एका फेरीला सव्वादोन वर्षांहून थोडा कमी वेळ लागतो. वाटेत पृथ्वी किंवा शुक्र जवळ आला की त्याचं गुरुत्वाकर्षण तिला जरासा धक्का देतं. तो सगळा हिशेब नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत स्टीव्हन चेस्ली आणि पॉल चोडास यांनी जुळवला. 1937 च्या रेघा आणि 2003 चे ठिपके एकाच कक्षेवर बसले. हर्मीसला क्रमांक मिळाला: 69230.

कक्षा हाती आली की ती मागेही फिरवता येते. तशी फिरवली तेव्हा जे निघालं, ते मला या सगळ्या गोष्टीत सर्वात अस्वस्थ करतं. 1942 च्या एप्रिलमध्ये हर्मीस पृथ्वीजवळून पुन्हा गेला होता, आणि तोही 1937 पेक्षा जवळून, साधारण 6 लाख 34 हजार किलोमीटरवरून. कुणीही पाहिला नाही. जग महायुद्धात होतं. त्याच महिन्यात विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले होते आणि क्रिप्ससाहेब दिल्लीहून हात हलवत परतले होते. त्या काळातल्या किती डायऱ्यांत तो एप्रिल तपशीलवार नोंदलेला असेल! या दगडाची नोंद मात्र 61 वर्षांनी, गणितातून झाली. एवढा दगड आदळला, तर प्रश्न एखाद्या शहरापुरता राहत नाही.

सापडल्यावर काही दिवसांतच पोर्तो रिकोमधल्या अरेसिबोच्या महाकाय रेडारने हर्मीसकडे लहरी सोडल्या. परत आलेल्या प्रतिध्वनीत एक नव्हे, दोन दगड निघाले. जवळजवळ सारख्याच आकाराचे, प्रत्येकी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. सुमारे 14 तासांत ते एकमेकांभोवती एक गिरकी घेतात, आणि स्वतःभोवती फिरायलाही तेवढाच वेळ लागत असल्याने दोघांची तोंडं कायम समोरासमोर राहतात. हायडेलबर्गच्या काचेवर त्या रात्री या दोघांची मिळून एकच रेघ उमटली होती.